सरंजाम की स्वामित्व? : नगरहवेलीचा वाद आणि जगाचे न्यायासन

दोन राष्ट्रांमधील मुलखाचे वाद बहुधा सैन्यांच्या हालचालींवरून, नकाशावरील रेषांवरून किंवा मुत्सद्द्यांच्या भाषणांवरून आपल्या ध्यानात येतात. असा एखादा वाद एका शब्दाच्या अर्थापाशी येऊन थांबावा, आणि तो शब्द आपल्याच मराठी दप्तरातला असावा, हा योग क्वचित येतो. दादरा आणि नगरहवेली या दोन लहानशा मुलखांवरून भारत आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये जो वाद झाला, त्यात तो आला. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९५५ पासून १९६० पर्यंत हा खटला चालला, आणि पुण्याच्या दरबाराने अठराव्या शतकात दिलेल्या सनदांतील 'सरंजाम' या शब्दाने नेमके काय दिले, असा प्रश्न पंधरा न्यायाधीशांपुढे उभा राहिला.

आमच्या शाळांतील पाठ्यपुस्तके गोव्याच्या मुक्तीस चार ओळी देतात. नगरहवेलीस बहुधा एकही देत नाहीत. जेथे उल्लेख होतो तेथे 'हेगच्या न्यायालयात भारत जिंकला' एवढ्यावर विषय मिटतो. हे विधान खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणात या खटल्याचा सर्वांत मोलाचा भाग हरवतो. तो भाग वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूगोल पाहू. दमण हे समुद्रकाठचे पोर्तुगीज ठाणे. त्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याकडे, दमणगंगेच्या खोऱ्यात नगरहवेली हा बहात्तर खेड्यांचा परगणा. सिल्वासा हे त्याचे मुख्य गाव. दमण आणि नगरहवेली यांच्या दरम्यान दादरा हा तीन गावांचा आणखी लहान तुकडा. दादरा आणि नगरहवेली मिळून क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर. वस्ती मुख्यतः वारली, धोडिया आणि कोकणा या आदिवासी जमातींची. हे दोन्ही मुलूख समुद्रास कोठेच लागत नाहीत. दमणहून दादऱ्यास, आणि दादऱ्याहून सिल्वाशास जावयाचे म्हणजे मधली भारताची भूमी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. पुढे जो खटला उभा राहिला तो नावाने या मधल्या वाटेच्या हक्काचा होता. परंतु वाटेचा हक्क सिद्ध करावयाचा तर वाटेच्या पलीकडील घर आपले आहे, हे आधी दाखवावे लागते. म्हणून खटल्याचा आरंभ अठराव्या शतकापासून करावा लागला.

मराठे आणि पोर्तुगीज यांचा या टापूतील संबंध त्याहूनही जुना. दमणच्या खेड्यांबद्दल पोर्तुगीज शेजारच्या रामनगरच्या राजास चौथ देत असत. शिवाजी महाराजांनी १६७२ साली रामनगर घेतले आणि त्या चौथाईवर आपला हक्क सांगितला. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. गोवा, दमण आणि दीव एवढीच ठाणी त्यांच्याकडे उरली. मग चाळीस वर्षांनी मराठ्यांनी स्वतः होऊन त्यांस बहात्तर खेडी का दिली?

याचे उत्तर त्या वेळच्या राजकारणात आहे. १७७९ साली सवाई माधवराव पेशवे पाच वर्षांचे बालक होते आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. रघुनाथरावांस हाती धरून इंग्रजांनी युद्ध आरंभिले होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांचा मोड झाला असला तरी युद्ध संपले नव्हते. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरील दुसऱ्या फिरंगी सत्तेने इंग्रजांस मिळू नये, ही नानांची निकड होती. पोर्तुगीजांचीही एक तक्रार होती : त्यांचे 'सांताना' नावाचे जहाज मराठी आरमाराने पकडले होते आणि त्याची भरपाई ते मागत होते. पुण्यात पोर्तुगीजांच्या वतीने बोलणी करणारा वकील नारायण शेणवी धुमे हा गोमंतकीय होता. म्हणजे दोन्ही बाजूंस कागदाची भाषा समजत होती. १७ डिसेंबर १७७९ च्या तहाच्या सतराव्या कलमात दमणच्या बाजूस बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांस लावून देण्याचे ठरले. प्रत्यक्ष सनदा निघाल्या १७८३ आणि १७८५ साली. पहिलीत नगरहवेली, दुसरीत दादरा.

येथे शब्दाचा प्रश्न येतो. सनदांत आणि त्यांच्या अनुषंगाच्या कागदांत या देणगीस जागीर किंवा सरंजाम म्हटले आहे. 'सरंजाम' हा मूळ फारसी शब्द. कार्य सिद्धीस नेण्याची सामग्री, असा त्याचा अर्थ. आजही आपण 'लग्नाचा सरंजाम' म्हणतो तेव्हा हाच अर्थ अभिप्रेत असतो. राज्यकारभारात तो शब्द विशिष्ट झाला : एखाद्यास कामगिरीसाठी, फौजेच्या खर्चासाठी किंवा इतर कारणासाठी लावून दिलेला मुलखाचा वसूल. इनाम वंशपरंपरा चाले. सरंजाम मुळात तसा नव्हता. तो धन्याच्या मर्जीने मिळे, नव्या सनदेने पुढे चाले आणि धन्यास परत घेता येई. सरंजामदार वसूल घेई, बंदोबस्त ठेवी. पण भूमीचा धनी सरकारच राही.

माळव्यात हा शब्द समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. होळकर, शिंदे आणि पवार या घराण्यांचा या प्रांतातील संसार पेशव्यांनी दिलेल्या सरंजामांवरच उभा राहिला. मल्हारराव होळकर कितीही पराक्रमी असोत, त्यांच्या मुलखाचे कागद पुण्याच्या सरकारातून येत आणि हिशेब पुण्यास जात. इंदूरच्या जुन्या कारभारी घराण्यांत ही परिभाषा घरची होती. हेग येथे ज्या शब्दाचा अर्थ विद्वानांस पुराव्याने सिद्ध करावा लागला, तो आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या व्यवहारात रुळलेला होता.

आता पुढचा टप्पा पाहू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रज हे मराठ्यांच्या जागी या प्रदेशाचे धनी झाले. न्यायाने पाहता सरंजामाचा धनी बदलला, म्हणजे सरंजाम पुढे चालवावा की नाही हा विचार नव्या धन्याने करावयाचा. इंग्रजांनी आपल्या मुलखातील असंख्य इनामांची आणि सरंजामांची कसून चौकशी केली, कित्येक खालसा केले. परंतु नगरहवेलीच्या बाबतीत त्यांनी काहीच विचारले नाही. पोर्तुगीज तेथे राज्य करीत आहेत असे त्यांस दिसले आणि ते तसेच राहू दिले. पोर्तुगालशी त्यांचे कित्येक शतकांचे सख्य होते आणि बहात्तर खेड्यांसाठी ते दुखवावे असे त्यांस वाटण्याचे कारण नव्हते. पोर्तुगीजांनी तेथे आपले कायदे लावले, आपले अंमलदार नेमले आणि आपला ध्वज उभारला. सव्वाशे वर्षे कोणी हरकत घेतली नाही.

भारत स्वतंत्र झाल्यावर हा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने पोर्तुगालकडे भारतातील वसाहतींच्या भवितव्याविषयी बोलणी करण्याची मागणी केली. पोर्तुगालने ती नाकारली. १९५१ साली आपल्या घटनेत बदल करून पोर्तुगालने या वसाहतींस 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले. यातील हेतू उघड होता : वसाहत म्हटली की मुक्ततेचा प्रश्न येतो, प्रांत म्हटला की तो राष्ट्राचाच भाग होतो. येथेही शब्दानेच मुलूख राखावयाचा प्रयत्न होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली.

१९५४ च्या पावसाळ्यात नगरहवेलीचा निकाल स्वयंसेवकांनीच लावला. २१–२२ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा घेतले. फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई हे त्यांचे पुढारी. त्या झटापटीत आनिसेतो दो रोझारिओ हा पोर्तुगीज पोलीस अधिकारी मारला गेला. २८ जुलैस नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्यात आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते. सुधीर फडके यांच्यासारखे संगीतकार या कामात होते, आणि त्यासाठी पैसा उभा करावा म्हणून इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकर यांनी पुण्यात गायन केले, ही गोष्ट मराठी रसिकांस परिचित आहे. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो याने ११ ऑगस्टला शरणागती पत्करली. त्यापूर्वी आणि त्या काळात दमणहून या मुलखाकडे जाणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस आणि शिपायांस भारताने आपल्या हद्दीतून वाट देण्याचे नाकारले. खटल्याचे कारण ते.

पोर्तुगालची हालचाल चपळ होती. १४ डिसेंबर १९५५ रोजी तो देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याची घोषणा केली आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध अर्ज गुदरला. भारताने १९४० च्या आपल्या घोषणेने ते अधिकारक्षेत्र आधीच मान्य केलेले होते; जानेवारी १९५६ मध्ये भारताने ती घोषणा बदलली, पण तोवर अर्ज दाखल झाला होता. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. २६ नोव्हेंबर १९५७ च्या निर्णयाने न्यायालयाने त्यांतील चार फेटाळल्या आणि दोन मूळ खटल्याबरोबर ऐकण्याचे ठरविले. भारताच्या बाजूस महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड होते, आणि भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला न्यायासनावर बसले.

पोर्तुगालचे म्हणणे असे : १७७९ च्या तहाने आणि दोन सनदांनी मराठ्यांनी या खेड्यांचे संपूर्ण स्वामित्व आम्हांस दिले, ज्या अर्थी स्वामित्व दिले त्या अर्थी तेथे जाण्याची वाटही दिली, आणि तेव्हापासून ती वाट आम्ही वापरीत आलो आहोत. भारताचे म्हणणे असे : तहाच्या दोन बाजूंच्या मसुद्यांत एकवाक्यता नसल्यामुळे तो तह पक्का झालाच नाही, आणि झाला असे धरले तरी मिळाला तो वसुलाचा हक्क, राज्य नव्हे.

१२ एप्रिल १९६० रोजी अंतिम निर्णय आला. तो वाचताना प्रथम लक्षात येते ते त्यातील समतोल. तह झालाच नाही, हे भारताचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात हिंदुस्थानातील तत्कालीन परिस्थितीत झालेला करार नंतरच्या काळात हळूहळू रूढ झालेल्या रीतींच्या कसोटीवर तपासू नये, आणि मराठे स्वतः त्या तहास बांधलेले समजत होते, असे त्याने सांगितले. इतिहासाच्या शिक्षकांनी हा विवेक लक्षात ठेवावा. परंतु त्या तहाने राज्य दिले, हे पोर्तुगालचे म्हणणेही त्याने मानले नाही. मराठ्यांस जेव्हा स्वामित्व सोडावयाचे असे तेव्हा ते कायमचे दिले असे स्पष्ट लिहीत, याची उदाहरणे न्यायालयापुढे होती. येथे तसे शब्द नव्हते. येथे शब्द होते जागीर आणि सरंजाम, आणि रक्कम होती सालिना बारा हजार रुपये. अशा देणगीचा अर्थ राज्यदान असा केल्याचे एकही उदाहरण कोणी दाखवू शकले नाही. गावांतील बंड मोडण्याचा अधिकार सनदेत दिला आहे, यावर पोर्तुगालने भर दिला होता. न्यायालयाचे उत्तर आम्हांस अत्यंत मार्मिक वाटते. राज्यच दिले असते तर असा अधिकार निराळा लिहून देण्याची गरज पडली नसती. तात्पर्य, मराठ्यांच्या काळी या खेड्यांचे धनी मराठेच होते, आणि मधल्या वाटेचेही तेच. तेव्हा वाटेच्या सार्वभौम हक्काचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

येथे निर्णय संपला असता तर 'भारत जिंकला' हे विधान पुरेसे झाले असते. पण न्यायालय पुढे गेले. इंग्रज आले तेव्हा पोर्तुगीज तेथे सर्वाधिकार गाजवीत होते. मराठ्यांचे वारस म्हणून इंग्रजांनी त्या खेड्यांवर आपला हक्क कधी सांगितला नाही. पोर्तुगीजांचे स्वामित्व त्यांनी शब्दाने मान्य केले नाही, पण वागणुकीने केले. आणि पुढे स्वतंत्र भारतानेही ते मुकाट्याने तसेच चालू दिले. यावरून ही खेडी पोर्तुगीज सत्तेखाली आली होती, असे न्यायालयाने ठरविले. त्याचबरोबर सव्वाशे वर्षांच्या अखंड व्यवहारावरून खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना मधून जाऊ देण्याचा रिवाज दोन राष्ट्रांत बांधला गेला होता, असेही ठरले. हा भाग अकरा विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. सैन्य, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळा यांस मात्र इंग्रजी अमदानीतही दर वेळी परवानगी घ्यावी लागे. म्हणून त्यांचा हक्क आठ विरुद्ध सात, म्हणजे अवघ्या एका मताने, नाकारला गेला. आणि १९५४ च्या जुलैत दादऱ्याच्या उठावामुळे वातावरण तंग झाले असता वाट थांबविण्यात भारताने आपल्या बंधनाचा भंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

दोनच राष्ट्रांच्या आपसांतील व्यवहारातूनही आंतरराष्ट्रीय रूढी निर्माण होऊ शकते, हे तत्त्व या निर्णयाने स्थापित झाले, आणि म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात हा खटला आजही शिकविला जातो. आम्हांस मात्र त्यातील दुसरा धडा अधिक मोलाचा वाटतो. मराठ्यांच्या कागदाने पोर्तुगीजांस राज्य दिले नव्हते. इंग्रजांच्या मौनाने दिले. ज्याने लिहून दिले त्याची लेखणी चोख होती. ज्याने वाचावयाचे त्याने वाचले नाही. हक्क नेहमी तलवारीनेच जातो असे नाही. जुना कागद उघडून पाहण्याचा आळस केला तरी तो जातो.

या विचारास एक गैरसोयीची बाजू आहे आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरंजामापासून स्वामित्वापर्यंतचा प्रवास एकट्या पोर्तुगीजांनीच केला काय? होळकरांचा मुलूखही मुळात सरंजामच. पेशव्यांची सत्ता क्षीण झाली, १८०५ च्या राजघाटच्या तहात इंग्रजांनी यशवंतराव होळकरांशी स्वतंत्र सत्ताधीश म्हणून करार केला, आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे राज्य इंग्रजांच्या छत्राखालील संस्थान झाले. सरंजामाचे संस्थान झाले ते कोणत्याही नव्या सनदेने नव्हे. काळाच्या आणि सत्तेच्या वागणुकीने झाले. तेव्हा केवळ 'मूळ कागद पाहा' एवढे म्हणून कोणाही राष्ट्रास सर्व प्रश्न सुटल्याचे समाधान मानता येणार नाही. मूळ कागद आणि पुढचा व्यवहार, दोन्ही पाहावे लागतात. भेद एवढाच, की होळकरांचे संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले आणि येथील प्रजा नागरिक झाली. नगरहवेलीच्या वारल्यास हा योग मिळू नये म्हणून त्याच्या धन्याने हेगपर्यंत धाव घेतली. मुलखाचा खरा प्रश्न अखेर तेथे राहणाऱ्या माणसांचा असतो, आणि त्या खटल्याच्या कागदांत त्यांचा आवाज फारसा कोठे ऐकू येत नाही.

जगाची प्रतिक्रियाही याच कसोटीवर पाहावयास हवी. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात या वसाहतींस पोर्तुगीज 'प्रांत' असेच संबोधले. पोर्तुगाल हा अमेरिकेच्या लष्करी गटातील मित्र होता. त्याच सुमारास भारतात आलेल्या सोव्हिएत नेत्यांनी भारताची बाजू उचलली. म्हणजे नगरहवेलीच्या आणि गोव्याच्या प्रश्नाकडे मोठी राष्ट्रे आपापल्या गटांच्या चष्म्यातून पाहत होती. पण हळूहळू तिसरा आवाज वाढला. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई आणि आफ्रिकी देशांच्या बळावर डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने वसाहतींच्या मुक्ततेचा जाहीरनामा केला, आणि लगोलग दुसऱ्या ठरावाने पोर्तुगालच्या अंमलाखालील प्रदेश, गोव्यासह, स्वयंशासन नसलेले प्रदेश असल्याचे जाहीर केले. 'प्रांत' या शब्दाचे कवच तेथे गळून पडले.

हेगचा निकाल लागेपर्यंत नगरहवेलीचा कारभार स्थानिक लोकांच्या वरिष्ठ पंचायतीकडे होता. भारताने तो प्रदेश विलीन करून घेतला नव्हता. निकालानंतर पंचायतीच्या मागणीवरून घटनेची दहावी दुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून हा मुलूख भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यास दुसऱ्या बाजूस कोणी तरी अधिकारी हवा, म्हणून बदलानी या भारतीय अधिकाऱ्यास त्या प्रदेशाचा अल्पकाळाचा पंतप्रधान करण्यात आले, ही इतिहासातील एक गमतीची नोंद आहे. २०२० च्या २६ जानेवारीस हा प्रदेश दमण आणि दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश करण्यात आला.

गोव्याचा शेवट मात्र न्यायासनापुढे झाला नाही. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी निःशस्त्रांवर गोळ्या झाडल्या. त्यात आमच्या शेजारच्या उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ धारातीर्थी पडले, आणि सागरच्या सहोद्राबाई राय यांनी गोळ्या झेलल्या. मध्यप्रदेशाची ही देणगी येथील विद्यार्थ्यांस माहीत असावयास हवी. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेस गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने शरणागती दिली; अखेरच्या माणसापर्यंत लढा, ही लिस्बनच्या सालाझारची आज्ञा त्याने मानली नाही.

सुरक्षा समितीत १८ डिसेंबरला दोन ठराव आले. भारताने सैन्य मागे घ्यावे, हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव. त्यास सात मते पडली, चार विरुद्ध गेली, आणि सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. पोर्तुगालची तक्रार फेटाळावी, हा सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा ठराव. त्यास चारच मते मिळाली. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी या बलप्रयोगात संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंताचा आरंभ पाहिला. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांची भूमिका अशी, की वसाहत हेच चालू असलेले आक्रमण होय.

आम्ही भारताच्या भूमिकेशी सहमत आहोत. पण दुसऱ्या बाजूचा आक्षेप केवळ ढोंग म्हणून झटकून टाकू नये. राष्ट्रांनी बळ वापरू नये हा नियम सर्वांत अधिक उपयोगी पडतो तो दुबळ्यांनाच, आणि भारतानेही पुढे अनेकदा त्याच नियमाचा आधार घेतला आहे. आक्षेपातील खोट ही, की तो घेणाऱ्यांनी चौदा वर्षे शांततेच्या वाटाघाटीस नकार देणाऱ्या पोर्तुगालला कधी त्याच जोराने जाब विचारला नव्हता. नियम मोडणाऱ्यास बोल लावावयाचा तर नियमाची वाट अडवून बसणाऱ्यासही लावावयास हवा. पुढे १९७४ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही उलथली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत झालेल्या कराराने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरील भारताचे स्वामित्व मान्य केले. भारताच्या वतीने त्यावर यशवंतराव चव्हाणांची सही आहे. पोर्तुगालच्या वतीने मारिओ सोआरिश यांची. पुण्याच्या मराठी दरबारात सुरू झालेले प्रकरण एका मराठी परराष्ट्रमंत्र्याच्या सहीने मिटले.

या सर्वांतून आम्हां शिक्षकांनी आणि अकादमीच्या सभासदांनी काय घ्यावे? पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या विद्वानाने गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचले आणि 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ १९६७ साली मराठीस दिला. तशा कामाचे मोल साहित्याच्या व्यासपीठांवर क्वचितच बोलले जाते. मोडी वाचणारा माणूस म्हणजे जुन्या वस्तूंचा हौशी संग्राहक, अशी आपली समजूत झाली आहे. नगरहवेलीच्या खटल्याने ती चुकीची ठरविली. दोनशे वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने 'सरंजाम' लिहिले, 'कायमचे दिले' असे लिहिले नाही. आणि त्या फरकाची जगाच्या न्यायालयाने दखल घेतली. माळव्यातील जुन्या वाड्यांत, संस्थानी दप्तरांत आणि घराण्यांच्या पेट्यांत अजूनही मोडी कागद पडून आहेत. ते वाचू शकणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. आमच्या शाळांतून निदान दोन-चार मुलांस ही लिपी शिकविण्याची सोय अकादमीने करावी, आणि इयत्तेच्या इतिहासात नगरहवेलीचा धडा पूर्ण सांगितला जावा : जिंकलेला भाग आणि गमावलेला भाग, दोन्हीसह. मुलांस आपला विजय सांगणे सोपे असते. आपल्या पूर्वसत्तांच्या दुर्लक्षाची किंमत सांगणे कठीण, पण पुढील पिढीस त्याचाच अधिक उपयोग आहे.